राखून ठेवलेला पहिला खेळ

मित्रांनो, तळहाताहून थोडी मोठी, काळी, एका कोपऱ्याला पोचा पडलेली मी एक जुनी हार्ड डिस्क. माझ्याकडे बघून कोणाला काही वाटावं असं माझ्यात काही नाही, आणि खरं सांगायचं तर आताशा मलाही फारसं काही वाटत नाही. सध्या माझा मुक्काम एका टेबलाच्या खालच्या खणात आहे. सोबतीला गुंतलेल्या वायरी, एक मोजपट्टी, शाई वाळलेली तीन पेनं आणि गळ्यात अडकवायचा एक पास आहे. पासावर मोठ्या अक्षरांत 'चित्रपटकर्ता' असं छापलेलं आहे आणि त्याखालचं नाव चुकलेलं आहे. हा पास ज्या महोत्सवाचा, तिथे माझ्यातला सिनेमा पहिल्यांदा लोकांसमोर लागला. त्याआधी दोन वर्षं तो राखून ठेवला होता. कशासाठी राखला आणि पुढे काय झालं, ते सांगते.

माझा जन्म एका अतिशय स्वच्छ कारखान्यात झाला. इतका स्वच्छ, की तिथल्या कामगारांना डोळ्यांखेरीज काही उघडं ठेवायची मुभा नव्हती. माझ्या पोटात तीन गुळगुळीत चकत्या आहेत. त्या मिनिटाला हजारो वेळा फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीक सुई फिरते, पण टेकत नाही. टेकली की कारभार आटोपला. तरुणपणी मला या गोष्टीचा फार तोरा होता. दुकानाच्या काचेमागे बसून मी मनात मांडे खायची, की आपल्यात ताऱ्यांचे नकाशे भरतील, निदान एखाद्या मोठ्या ग्रंथालयाची पुस्तकं तरी. प्रत्यक्षात माझ्यात पहिल्यांदा भरली गेली ती औषधांच्या कंपनीची एक बैठक. पाच तास माणसं एका तक्त्याकडे बोट दाखवत होती.

मला विकत घेतलं होतं धाकट्याने. या घरात माणसं तीनच, बाबा, थोरली आणि धाकटा. आई बऱ्याच वर्षांपूर्वी गेली. बाबा लिफ्ट दुरुस्त करणारे मिस्त्री. थोरली सिनेमाची दिग्दर्शिका आणि धाकटा संकलक, म्हणजे तिने आणलेलं चित्रण कापून-जोडून त्याचा सिनेमा करणारा. बैठकाबिठका तो पोटासाठी जोडायचा. थोरलीचं काम आलं की बाकी सगळं बाजूला.

थोरलीचा पहिलाच मोठा सिनेमा होता बाबांवर. बाबांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं आणि त्यांनी एकतीस वर्षं सांभाळलेली एका रुग्णालयाची लिफ्ट काढून टाकायची होती. वर्षभर थोरली कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे फिरली. लिफ्टच्या टपावर, तळाच्या खड्ड्यात, वरच्या मोटारीच्या खोलीत, सगळीकडे. बाबांना एक खोड होती. हात चालू झाले की तोंडही चालू व्हायचं. हा बोल्ट असाच का, तो पट्टा किती ताणायचा, हे ते समोरच्याला समजावत सुटायचे. समोर कोणी नसलं तर लिफ्टला समजावायचे. धाकटा चित्रण लावायचा तेव्हा मी ते सगळं ऐकायची. मला त्यातलं काही उपयोगाचं नव्हतं, तरी ऐकत राहावंसं वाटायचं. असं मला नंतर कशाबद्दल वाटलं नाही.

सिनेमा पुरा झाला. चित्रपटगृहातल्या यंत्राला वाचता येईल अशा रूपात धाकट्याने तो माझ्यात उतरवला. मऊ स्पंज लावलेल्या एका पेटीत मला बसवलं आणि वर चिठ्ठी चिकटवली. त्या दिवशी मी औषधांची बैठक पार विसरून गेले.

त्याच आठवड्यात बाबा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. आल्यावर त्यांनी आधी चपला जागेवर लावल्या, मग सांगितलं.

"मधली नजर चाललीय म्हणाला. मधोमध डाग वाढत जाणार. कडेचं दिसेल अजून. वर्षभर, फार तर दीड वर्ष."

"औषध?" धाकट्याने विचारलं.

"सुया आहेत डोळ्यांत द्यायच्या. त्याने थोडं लांबेल. थांबणार नाही."

 थोरलीने संगणक पुढ्यात ओढला आणि त्यावर सिनेमा लावला. बाबा खुर्ची जवळ घेऊन बसले. दोन मिनिटांत त्यांनी मान हलवली.

"नाही गं. डाग नेमका माझ्या तोंडावरच येऊन बसलाय. कान तेवढे दिसतायत. मोठा पडदा असला म्हणजे डागाच्या बाहेर बरंच काही उरेल. थिएटरातच बघू या. घाई कसली?"

मित्रांनो, घाई होती. आता तुम्हाला एक नियम सांगावा लागेल, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. मोठ्या चित्रपट महोत्सवांना तुमचा सिनेमा कोरा हवा असतो. तो आधी कुठेही लागलेला चालत नाही. त्याचा पहिला खेळ त्यांच्याच पडद्यावर व्हायला हवा. एकदा का तो एखाद्या लहानशा ठिकाणी चार लोकांपुढे लागला, की मोठ्यांची दारं बंद. म्हणून स्वतंत्रपणे सिनेमा करणारी माणसं आपला पहिला खेळ जिवापाड जपतात. महोत्सवांत एकमेकांना भेटली की कशी आहेस असं विचारत नाहीत, 'पहिला खेळ दिला का कुठे?' असं विचारतात. थोरलीनेही जपायचं ठरवलं. पाच मोठे महोत्सव निवडून तिने सगळीकडे अर्ज केले.

अर्ज म्हणजे एक वेगळंच काम असतं. सिनेमा शंभर शब्दांत सांगा. मग पन्नास शब्दांत सांगा. मग एका वाक्यात सांगा. थोरली तीन दिवस ते एक वाक्य लिहीत होती. धाकटा म्हणाला, "लिही की, एक माणूस लिफ्ट दुरुस्त करतो." ती म्हणाली, "मग कोण बघेल?" शेवटी तिने काळ, स्मृती आणि उंची असे तीन शब्द घालून काहीतरी लिहिलं. बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "छान आहे. कोणावर आहे हा सिनेमा?"

दोन महिन्यांनी पहिलं उत्तर आलं. यंदा प्रवेशिका विक्रमी संख्येने आल्या होत्या, निवड करणं अत्यंत कठीण गेलं, आणि आपल्या पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. थोरली खोलीत येरझाऱ्या घालत राहिली आणि मग रडली. दुसरं उत्तर आलं तेही शब्दन् शब्द तेच. त्या वेळी ती रडली नाही, फक्त धाकट्यावर चिडली. तिसऱ्या उत्तराला ती "बरं" म्हणाली. पुढे ती प्रत्येक पत्राला "बरं"च म्हणायची आणि भाजी चिरत असेल तर चिरत राहायची.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पत्राच्या मधल्या दिवसांत एक फोन आला होता. थोरलीने नियम कळायच्या आधी, उत्साहाच्या भरात, एका गावातल्या छोट्या महोत्सवालाही अर्ज करून ठेवला होता आणि ती ते विसरूनही गेली होती. तो महोत्सव एक निवृत्त मुख्याध्यापिका चालवायच्या, वाचनालयाच्या सभागृहात, वर्षातून तीन दिवस. बाईंचा आवाज एवढा खणखणीत होता की फोन कानाला असूनही मला टेबलावर ऐकू येत होता.

"मी तुमचा सिनेमा दोनदा पाहिला. पहिल्यांदा एकटीने, दुसऱ्यांदा आमच्या लिफ्टवाल्याला बोलावून. त्याला सगळं पटलं. उद्घाटनाला तुमचाच लावते."

थोरलीने आभार मानले. मग हळूच म्हणाली, "पण कसंय ना मॅडम, अजून तीन मोठ्या ठिकाणचं उत्तर यायचंय. पहिला खेळ त्यांच्यासाठी राखून ठेवावा लागतो."

"वडील कसे आहेत तुमचे? अर्जात लिहिलं होतंत, डोळ्यांचं."

"ठीक आहेत. कडेचं दिसतं अजून."

"आमचा पडदा मोठा आहे हो. पुढच्या रांगेत बसवू. नाहीतर रांगेच्या पुढे वेगळी खुर्ची टाकू. त्यांना जिथून दिसेल तिथे."

थोरलीने फोन दुसऱ्या कानाला लावला.  मग ती म्हणाली, "पुढच्या वर्षी नक्की देते."

"पुढच्या वर्षी," बाई म्हणाल्या. "बघा बाई. तुमचं तुम्हाला ठाऊक."

फोन ठेवल्यावर धाकट्याने हातातलं काम थांबवलं. "ताई, बाबांसाठी तरी हो म्हणायचंस. नाहीतर एक सकाळ थिएटर घेऊ. आपण तिघं, दोन शेजारी. कोणाला कळतंय?"

"थिएटर घेतलं की माणसं आली. माणसं आली की फोटो आले. एकाने जरी कुठे टाकला ना, की झालाच खेळ. मग एवढं थांबले कशाला?"

"बाबांना विचार तरी."

बाबा आतल्या खोलीत होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. तिथूनच ते म्हणाले, "तिला तिचं काम कळतं रे. माझ्या कामात कोणी मध्ये तोंड घातलेलं मला चाललं असतं का?"

असा तो विषय मिटला. थोरली दुष्ट नव्हती, मित्रांनो. बाबा भरलेल्या मोठ्या सभागृहात, ताठ मानेने, शेकडो लोकांबरोबर आपला सिनेमा बघतायत, हे चित्र तिने डोक्यात इतकं पक्कं बसवलं होतं की वाचनालयातली खुर्ची तिला दिसलीच नाही.

पुढे एका मोठ्या महोत्सवाचं पत्र आलं. निवड झाली नव्हती, पण नकारही नव्हता. सिनेमा राखीव यादीत होता, ऐन वेळी कोणाचा रद्द झाला तर लावू, डिस्क पाठवून द्या. मी पेटीत बसून विमानाने गेले. पेटीवर लिहिलं होतं, 'सांस्कृतिक वापरासाठी, विक्रीसाठी नाही.' तपासणीच्या टेबलावर एका अधिकाऱ्याने ते वाचलं, मला बाहेर काढलं, हलवून पाहिलं आणि परत ठेवताना पाडलं. हा कोपऱ्यावरचा पोचा तेव्हाचा. महोत्सवाच्या कचेरीत एका कपाटात माझ्यासारख्या तीस-पस्तीस जणी होत्या, सगळ्या राखीव. वरच्या फळीवर निवडलेल्या होत्या. त्या दर तासाला कोणीतरी लगबगीने घेऊन जायचं आणि परत आणायचं. परत आल्या की त्या गरम असायच्या. आम्ही खालच्या अकरा दिवस गारच राहिलो. बाराव्या दिवशी मला जशीच्या तशी पेटीत घातलं. पेटीत एक छापील कार्ड होतं, आपल्या सहभागाबद्दल धन्यवाद.

तिकडे घरी थोरली आणि बाबा बॅगा भरून बसले होते, ऐन वेळी बोलावणं आलं तर निघायचं म्हणून. मी परत आले तेव्हा बाबांची बॅग दाराशीच होती. त्यांनी ती स्वतः चाचपत आत नेली. तोवर घरात वावरताना ते भिंतीला हात लावून चालायला लागले होते.

त्यानंतर थोरलीने एक गोष्ट केली. काही महोत्सव तुम्हाला हवं असेल तर परीक्षकाचं मत लेखी कळवतात. तिने ते मागवलं. अर्धं पान आलं. छायांकन उत्तम, विषय वेगळा, परंतु मध्यंतरापूर्वीचा भाग शब्दबंबाळ. शेवटचं वाक्य होतं, 'वडील फार बोलतात.'

"फार बोलतात?" धाकटा हसला. "हे काय मत झालं? बोलतातच ते."

थोरली हसली नाही. "चार मिनिटं वीस सेकंद," ती म्हणाली. "बाबा लिफ्टचा दोर तपासतात तो भाग. आवाज काढ सगळा. नुसते हात दिसू देत."

"ताई, तोच तर सिनेमा आहे."

"काढ."

धाकट्याने काढला. मला पूर्ण पुसून नवा सिनेमा माझ्यात घातला. आम्हाला पुसताना दुखतबिखत नाही. पहिलं जातं, दुसरं येतं. मी एवढंच सांगते, की त्या चार मिनिटं वीस सेकंदांच्या जागी आता माझ्यात शांतता होती आणि ती शांतता बोलण्याइतकीच जागा अडवत होती. थोरलीने बदललेला सिनेमा पाहिला आणि ती "बरं" म्हणाली. बाबांना तिने यातलं काही सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. तोवर तिला सांगण्यासारखं काही वाटेनासंच झालं होतं.

आणि तो सिनेमा निवडला गेला. तिने ठरवलेल्या पाचांमधला तो महोत्सव नव्हता, पण मोठा होता. पत्र वाचून धाकट्याने खुर्चीवरून उडीच मारली. थोरली म्हणाली, "मंगळवार, सकाळी सव्वादहा, पडदा क्रमांक चार." मग थोड्या वेळाने, "बरं झालं." डॉक्टरने दिलेली दीड वर्षाची मुदत उलटून पाच महिने झाले होते. बाबांना आता खिडकी कुठे आहे एवढंच कळायचं.

तरीही तिघं गेले. बाबांनी नोकरीच्या निरोप समारंभाला घातलेला कोट घातला. महोत्सवात सगळीकडे गळ्यात पास घातलेली माणसं होती. प्रत्येकाची नजर आधी समोरच्याच्या पासावर जायची आणि मग, वाटलंच तर, तोंडावर. बाबांना ती भानगड नव्हती. ते आवाजाच्या दिशेने हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "मी हिचा बाप. सिनेमात आहे."

माझी रवानगी प्रोजेक्शनच्या खोलीत झाली. तिथले काका जाड चष्म्याचे होते आणि दर वाक्याआधी घसा खाकरायचे. त्यांनी माझ्यातला सिनेमा यंत्रात उतरवून घेतला आणि मला झरोक्याच्या कट्ट्यावर ठेवलं. धाकटा तिथेच थांबला होता, आवाजाची पातळी बघायला. सभागृहातलं सगळं तिथल्या स्पीकरवर ऐकू यायचं. झरोक्यातून तो माणसं मोजत होता.

"अकरा," तो म्हणाला. "ताई-बाबांना धरून तेरा."

"मंगळवार सकाळ आहे," काका म्हणाले. "तेरा म्हणजे बरेच की."

सिनेमा सुरू झाला. बाबा पहिल्या रांगेत मधोमध बसले होते, शेजारी थोरली. स्वतःचा आवाज आला तसे ते ताठ झाले. लिफ्टचं दार सरकल्याचा आवाज आला तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, "तिसरा मजला. याच मजल्याचं दार असं खरखरायचं." मागून कोणीतरी 'शू' केलं. बाबांनी मान डोलावली आणि पुढे गप्प राहिले. पस्तीस-चाळीस मिनिटं ते नुसतं कानांनी बघत होते, आणि त्यांना सगळं कळत होतं.

मग तो दोराचा भाग आला आणि आवाज बंद झाला.

काका ताडकन उठले. "अरे, आवाज गेला की!"

"गेला नाही," धाकटा म्हणाला. "तसंच आहे ते."

"मुद्दाम?"

"हो."

काका परत बसले, पण त्यांचा हात बटणाजवळच राहिला. पडद्यावर बाबांचे हात होते, मोठे, ग्रीस लागलेले. सभागृहात खुर्ची करकरली तरी ऐकू येत होती. एक मिनिट गेलं. बाबांनी मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. दुसरं मिनिट गेलं. मग त्यांनी घाईघाईने कोटाची बटणं लावली, उभे राहिले, वळून जिथे माणसं बसली असतील असं त्यांना वाटलं त्या दिशेला तोंड केलं आणि टाळ्या वाजवायला लागले.

त्यांना वाटलं सिनेमा संपला.

त्यांच्या पाठीमागे, त्यांच्याहून तिप्पट मोठे त्यांचेच हात दोर धरून होते. ते एकटेच टाळ्या वाजवत होते. कोणाला काय करावं कळेना. शेवटच्या रांगेतल्या एकाने दोनदा टाळ्या वाजवल्या आणि थांबवल्या. धाकट्याने झरोक्याच्या काचेला कपाळ टेकवलं. थोरली बसून होती. मग तिने बाबांचा कोट धरून त्यांना हळूच खाली बसवलं. "अजून आहे, बाबा," ती म्हणाली.

"आहे का? मग आवाज?"



सिनेमा संपल्यावर निवेदिका आली. थोरलीला पडद्यापुढे बोलावून तिच्या हातात माईक दिला आणि प्रेक्षकांना प्रश्न विचारायला सांगितलं. एका तरुणाने हात वर केला. तो म्हणाला, मधली ती चार मिनिटांची शांतता अप्रतिम होती, ती तुम्हाला कशी सुचली? थोरलीने माईक तोंडाजवळ नेला आणि तशीच उभी राहिली. निवेदिकेने मदत म्हणून दुसरा प्रश्न मागितला. तेव्हा पहिल्या रांगेतून बाबांनी हात वर केला. हात निवेदिकेच्या दिशेला नव्हता, पण उंच होता.

"माझा एक प्रश्न आहे," बाबा म्हणाले. "त्या वेळात मी काय करत होतो?"

प्रेक्षकांत कोणीतरी हसलं. थोरली नाही हसली.

"तुम्ही बोलत होतात, बाबा," ती माईकवर म्हणाली. "मी काढून टाकलं."

बाबांनी थोडा विचार केला. "का गं?"

"ते म्हणाले, तुम्ही फार बोलता."

"कोण?"

"माहीत नाही. पत्र आलं होतं."

इतके महिने जिला काही वाटत नव्हतं, तिचा आवाज तिथे फुटला. माईकवर तो फार वाईट ऐकू आला. काकांनी पातळी जरा खाली केली. बाबा मात्र शांत होते. रागावलेलेही नव्हते. त्यांना एवढंच कळून घ्यायचं होतं.

"काय बोलत होतो?"

थोरलीला ते तोंडपाठ होतं. कापायच्या आधी तिने ते शंभरदा ऐकलं होतं. तिने नाक पुसलं आणि ती सांगायला लागली. "तुम्ही म्हणत होतात, दोर म्हणजे एक दोर नसतो. बारीक बारीक तारांचा पीळ असतो. तो एकदम तुटत नाही. आधी एक तार तुटते, मग दुसरी. डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मुठीत कापड घेऊन दोर त्यात धरायचा आणि लिफ्ट अगदी हळू खाली न्यायची..."

"कापड नाही," बाबा म्हणाले. "जुना बनियन. धुऊन धुऊन झिरझिरीत झालेला. नवं कापड नुसतं घसरतं."

"जुना बनियन. आणि तो अडकला की थांबायचं."

"तिथे खडूने खूण करायची."

"खूण करायची."

"आणि मग?" हे शेवटच्या रांगेतल्या माणसाने विचारलं.

बाबा आवाजाकडे वळले. आता त्यांचे दोन्ही हात हवेत होते आणि त्यांत दोर होता. "मग हातभर लांबीत किती तुटल्यात ते मोजायचं. जास्त असल्या की दोर बदलायचा. कमी असल्या तर वहीत लिहून ठेवायचं आणि महिन्याने परत बघायचं. घाबरण्यासारखं काही नसतं त्यात. पण बघायचं म्हणजे बघायचंच. पुढच्या महिन्यावर ढकललं की संपलं."

दारातून स्वयंसेवक 'वेळ संपली' असा पुठ्ठा दाखवत होता. पुढच्या सिनेमाची माणसं बाहेर खोळंबली होती. कोणी उठलं नाही. बाबा बोलत होते, मध्ये एखादी गोष्ट राहिली तर थोरली सांगत होती, आणि तिचं चुकलं तर बाबा दुरुस्त करत होते. काकांनी यंत्र बंद केलं, पण खोलीतला स्पीकर चालू ठेवला. धाकट्याने मला उचलून पेटीत घातलं तेव्हाही आवाज येत होता. झाकण लागल्यावर मला पुढचं ऐकू आलं नाही.

मित्रांनो, बाबांनी हा सिनेमा पाहिलेला नाही आणि आता ते कधी पाहणार नाहीत. तो पुढे आणखी सहा ठिकाणी लागला. एका ठिकाणी त्याला मानचिन्हही मिळालं. धाकट्याने बोलणं परत आत घालून सिनेमा पूर्ववत केला, पण तो दुसऱ्या डिस्कवर. माझ्यात अजून ती शांततेची प्रतच आहे. तिला आता कोणी मागत नाही, म्हणून मी खणात आहे. मला याचं वाईट वाटत नाही. वाटायला हवं, असं कधीकधी वाटतं.

माझं मागणं थोडं आहे. तुमच्याही घरी एखाद्या खणात माझी जातबहीण असेल. तिला वर्षातून एकदा तरी बाहेर काढा, वायर जोडा आणि तासभर फिरू द्या. पडून राहिलो की आमच्या चकत्या जाम होतात, मग कितीही वीज दिली तरी उपयोग नसतो. आणि तिच्यात कोणा माणसाचं काही असेल, तर ते आधी त्या माणसाला दाखवा. पडदा लहान असला तरी चालेल, सभागृह रिकामं असलं तरी चालेल. त्याला दिसतंय तोवर दाखवा.